साथीच्या काळात कॉटेज पुन्हा उघडताना: पाहुण्यांना नेमकं काय हवं असतं

महिनोन्महिने बंद राहिलेलं कॉटेज पुन्हा चालू करायचं म्हटलं, की मालक आधी सॅनिटायझरचे कॅन मागवतात. पाहुण्याचं लक्ष मात्र भलतीकडेच असतं. कोविडचा विषाणू कुणालाच दिसत नाही. दिसतो तो बेसिनच्या कडेला चिकटलेला केस, जाणवतो तो रिमोटचा चिकटपणा आणि दार उघडताच नाकात शिरणारा कुबट वास. जी सफाई दिसत नाही, ती झाली असेल की नाही, हे पाहुणा या दिसणाऱ्या गोष्टींवरून ठरवतो. आणि बुकिंग करायचं की नाही, हे त्याच्याही आधी, फोनवर मिळालेल्या उत्तरांवरून ठरलेलं असतं.

बुकिंगआधीची उत्तरं

पहिला प्रश्न सफाईचा नसतो, पैशांचा असतो. "यायला जमलं नाही तर?" याला "बघू, काहीतरी मार्ग काढू" असं उत्तर दिलं की माणूस दुसरी जागा शोधू लागतो. चार वेगवेगळ्या परिस्थिती धरून चार वेगळी उत्तरं आधीच लिहून ठेवा: सरकारी निर्बंधांमुळे प्रवासच बंद झाला, पाहुण्यांपैकी कुणाची चाचणी पॉझिटिव्ह आली, आपल्याकडचं कुणी आजारी पडल्यामुळे आपल्याला जागा देता येत नाही, आणि पाहुण्याने निव्वळ धास्तीपोटी बेत रद्द केला. पहिल्या आणि तिसऱ्या प्रसंगात पूर्ण पैसे परत द्यावेत, तिथे घासाघीस करू नये. दुसऱ्यात पैसे किंवा नवी तारीख, यातलं पाहुणा निवडेल ते. चौथ्यात तारीख बदलून देणं पुरतं. पैसे किती दिवसांत परत जातील तेही लिहा, कारण भांडणं रकमेपेक्षा उशिरावरून जास्त होतात.

बुकिंग पक्कं झाल्यावर पाठवायचा मजकूर छोटा आणि ठोस हवा. उदाहरणार्थ:

"कॉटेज तुमच्या आधी एक रात्र रिकामं असेल. सफाई दुपारी १ पर्यंत संपते, त्यानंतर तुम्ही येईपर्यंत आत कुणी जात नाही. तुम्ही ४ वाजल्यापासून येऊ शकता. दाराशेजारच्या पेटीचा कोड सकाळी पाठवू. मुक्कामात आमचं कुणी आत येणार नाही. काही हवं असेल तर फोन करा, दाराबाहेरच्या ओट्यावर आणून ठेवू. चादर-टॉवेलची जोडी बदलायची असल्यास कपाटात बंद पिशवीत दुसरी आहे."

"आम्ही सर्व नियमांचं काटेकोर पालन करतो" या वाक्यातून पाहुण्याला काहीच कळत नाही. वरच्या मजकुरातली प्रत्येक गोष्ट त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येते. अर्थात जे पाळता येणार नाही ते लिहू नका. "एक रात्र रिकामं" असं सांगून त्याच सकाळी आधीचे पाहुणे निघताना दिसले, तर पुढच्या कुठल्याच शब्दावर विश्वास उरत नाही.

बंद घर उघडताना

सर्वात दुर्लक्षित काम पाण्याचं. पाइपात आणि गीझरमध्ये आठवडेच्या आठवडे साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. २० ते ४५ अंश सेल्सिअस हे तापमान त्यांना मानवतं, ६० च्या वर ते टिकाव धरत नाहीत. हे पाणी प्यायल्याने सहसा त्रास होत नाही. शॉवरमधून उडणारे बारीक तुषार श्वासातून फुप्फुसात गेले की न्यूमोनिया होऊ शकतो. ताप आणि खोकला घेऊन घरी गेलेला पाहुणा तो कोविडच समजणार, हा आणखी एक घोळ.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी टाकी रिकामी करून, घासून पुन्हा भरा. गीझर ६० अंशांवर किमान तासभर चालू द्या. शॉवरचं तोंड काढून व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजत घाला, म्हणजे क्षार सुटतात. मग खिडक्या उघड्या ठेवून, टाकीपासून सर्वात जवळच्या नळापासून सुरुवात करत एकेक नळ सोडा. थंड पाणी पाच मिनिटं, गरम पाणी पूर्ण कढत येऊ लागल्यावर आणखी पाच मिनिटं. शॉवर सोडताना तोंड बसवू नका, नुसत्या पाइपातून पाणी बादलीत हळू सोडा, म्हणजे तुषार उडत नाहीत. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, तेव्हा हात लांब ठेवा. फ्लश झाकण बंद करूनच ओढा. त्यानंतर बुकिंग नसलेल्या आठवड्यातही एकदा सगळे नळ सोडायचे. नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

तो कुबट वास बहुतेक वेळा भिंतीचा नसतोच. बाथरूमच्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमधलं (वास अडवणाऱ्या वाटीतलं) पाणी सुकलं की गटाराचा वायू सरळ खोलीत येतो. प्रत्येक जाळीत, बेसिनमध्ये आणि सिंकमध्ये लिटरभर पाणी ओता. निम्म्या वासाची तक्रार तिथेच मिटते. उरलेला वास गाद्यांचा आणि बंद फ्रिजचा. गाद्या उभ्या करून दोन दिवस उन्हात किंवा पंख्याखाली ठेवा. फ्रिजच्या दाराच्या रबरी पट्टीच्या घड्यांत काळी बुरशी साठते. ती जुन्या टूथब्रशने, साबणाच्या पाण्याने काढावी लागते; नुसतं फडकं मारून निघत नाही.

एसीच्या जाळ्या धुवा आणि पाणी बाहेर जायची नळी फुंकून पाहा. रिकाम्या काळात तिच्यात किडे घर करतात आणि पहिल्याच रात्री पाणी खोलीत टपकतं. गॅसची रबरी नळी वाकवून तडे तपासा, उंदरांनी वायरी कुरतडल्यात का बघा, रिमोटमधल्या गळक्या बॅटऱ्या फेका. गॅस गीझर असेल तर त्याचा धूर बाहेर जाणारा पाइप पक्ष्यांनी किंवा गांधीलमाश्यांनी बुजवलेला नाही ना, हे बघितल्याशिवाय तो पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग.

दोन बुकिंगमधली सफाई

मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत कोविडचा विषाणू प्लॅस्टिक आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत सापडला होता. दोन बुकिंगमध्ये तीन दिवस खोली रिकामी ठेवायची पद्धत त्याच सुमारास रूढ झाली. पुढे चित्र बदललं. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी आहे. संसर्ग मुख्यतः हवेतून होतो. त्यामुळे तीन दिवसांचं उत्पन्न सोडण्यापेक्षा एक रात्र मोकळी ठेवून घर भरपूर हवेशीर करणं जास्त शहाणपणाचं.

सफाईला आत जाण्याआधी सगळ्या खिडक्या-दारं उघडा, पंखे लावा आणि अर्धा तास बाहेर थांबा. हे सफाई करणाऱ्यांच्या जिवासाठी आहे. सर्वात जास्त धोका त्यांनाच असतो, पाहुण्यांना नंतर. मास्क घालून आत गेल्यावर पहिलं काम चादरी, अभ्रे आणि टॉवेल काढायचं. झटकायचे नाहीत, आतल्या बाजूला गुंडाळत थेट पिशवीत भरायचे. धुण्याला कपडे सोसतील तेवढं गरम पाणी, जमल्यास ६० अंश, आणि पूर्ण वाळवणं. दमट टॉवेल घडी करून ठेवला तर दुसऱ्या दिवशी वास मारतो आणि पाहुण्याला वाटतं तो धुतलेलाच नाही. रजईला सुटी खोळ घाला. दर वेळी आख्खी रजई धुवायची कुणाची हिंमत होत नाही, आणि पाहुण्यांना ते ठाऊक असतं.

मग आधी पृष्ठभाग धुणं, नंतर निर्जंतुक करणं. हा क्रम उलटला की औषध वाया जातं, कारण तेलकटपणा आणि धूळ ब्लीचची ताकद खाऊन टाकतात. साबणाच्या पाण्याने वरून खाली पुसा, कोरडं होऊ द्या, मग द्रावण लावा. पृष्ठभागांसाठी ०.१ टक्के सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीचमधलं मुख्य औषध) पुरतं. हिशोब सोपा आहे: बाटलीवरच्या टक्क्यांना ०.१ ने भागा आणि एक वजा करा, एक भाग ब्लीचला तितके भाग पाणी. ५ टक्क्यांच्या बाटलीतून २० मिलि ब्लीच आणि ९८० मिलि पाणी. १० टक्क्यांची असेल तर १० मिलि आणि ९९० मिलि. पाणी गार घ्या, गरम पाण्यात क्लोरीन उडून जातो. द्रावण रोज नवं करा, कालचं ओतून द्या. लावल्यावर पृष्ठभाग निदान एक मिनिट ओला राहिला पाहिजे. लगेच कोरडं पुसणारा हात ही इथली नेहमीची चूक.

स्टीलचे नळ आणि सिंक दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसा, नाहीतर डाग पडतात. रंगीत पडद्यांपासून ब्लीच लांब ठेवा. रिमोट, स्विच, चार्जरसाठी ७० टक्के अल्कोहोल. तेही फडक्यावर घेऊन, बटणांवर थेट फवारून नाही. लाखेचं पॉलिश केलेलं लाकूड मात्र स्पिरिटने उतरतं, तिथे साबणाचं पाणी बरं.

एक गोष्ट सफाई करणाऱ्याला तोंडी सांगून भागवू नका, कपाटावर मोठ्या अक्षरांत लिहून लावा: ब्लीच आणि टॉयलेटचं ॲसिड एकत्र करायचं नाही. दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबरही ब्लीच चालत नाही.

बाथरूम सर्वात शेवटी, आणि तिथलं फडकं वेगळ्या रंगाचं. लाल बाथरूमचं, निळं खोल्यांचं, हिरवं स्वयंपाकघराचं असं ठरवून टाकलं की विसरायला वाव राहत नाही. हात लागणाऱ्या जागांची यादी जवळ असू द्या, कारण दाराची मूठ सगळ्यांना आठवते. पडद्याची दोरी, फ्लशचं बटण, फ्रिजची कड, खुर्चीची पाठ, गीझरचा स्विच आणि मिठाची डबी हमखास राहतात.

खोलीभर धूर सोडणारी फॉगिंग यंत्रं घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच सांगितलं होतं, की घरात जंतुनाशक फवारण्याची सरसकट शिफारस करता येत नाही: औषध फटींत पोचत नाही आणि डोळे-श्वास यांना त्रास होतो. रिमोटला प्लॅस्टिक गुंडाळून त्यावर "सॅनिटाइझ्ड" असा कागद चिकटवणं हाही देखावाच. पाहुणे अशा कागदाखालचा चिकट रिमोट काढून फोटो टाकतात.

हवा, आणि घरात काय असावं

भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, आतलीच थंड करून फिरवतो. दोन कुटुंबं मिळून राहत असतील तर ही माहिती त्यांना द्या. समोरासमोरच्या खिडक्या उघडतात का, जाळ्या फाटलेल्या आहेत का, हे बघा; डास येत असतील तर कुणीही खिडकी उघडी ठेवत नाही, मग पाटीवर काहीही लिहा. बाहेर बसायची जागा, तिथे दिवा आणि मोबाइल चार्जिंगचा प्लग, एवढ्यावर पाहुणे खूश होतात.

स्वयंपाकघर मात्र पूर्ण सुसज्ज हवं. साथीच्या काळात लोक बाहेर जेवायला कचरतात, मुक्काम लांबवतात आणि बरेचसे तिथूनच काम करतात. धारदार सुरी, झाकणासकट दोन मोठी पातेली, चाळणी, कुकरची चांगली रबर रिंग आणि नवा, पाकिटबंद घासणीचा स्पंज. आधीच्या माणसाने वापरलेला स्पंज दिसला की मनातली सगळी सफाई पुसली जाते. इंटरनेटचा वेग बुकिंगआधी मोजून आकड्यात सांगा.

मासिकं, शोभेच्या उश्या, पत्ते, उघडे मसाले काढून ठेवा. त्याऐवजी बेसिनशी साबण, दाराशी किमान ६० टक्के अल्कोहोलचा सॅनिटायझर (शेगडीपासून लांब, तो पेट घेतो), पायाने उघडणारा कचऱ्याचा डबा, थर्मामीटर, आणि पाहुण्याला स्वतः पुसून घ्यायचं असेल तर जंतुनाशकाची एक बाटली नि दोन स्वच्छ फडकी. ही बाटली बरेच जण वापरतात. सफाईवर अविश्वास म्हणून नाही, पुसल्याने जिवाला बरं वाटतं म्हणून. मनावर घेऊ नका.

कुणी आजारी पडलं तर

जवळच्या रुग्णालयाचा आणि रुग्णवाहिकेचा नंबर, कॉटेजचा पूर्ण पत्ता आणि वाटेची खूण एका कागदावर, फ्रिजवर. रात्री दोन वाजता "पत्ता काय सांगू?" ही वेळ येऊ नये.

पाहुण्याला ताप आला तर त्याला निघून जायची घाई करू नका. आधी डॉक्टरांचा सल्ला, मग स्थानिक नियमांप्रमाणे मुक्काम की परतणं ते ठरवा. जास्तीच्या रात्रींचा दर काय लागेल, हे बुकिंगच्या कागदावर आधीच असू द्या. पुढच्या पाहुण्याला त्याच दिवशी कळवा आणि त्याला दुसरी तारीख किंवा पैसे द्या. खोली रिकामी झाल्यावर खिडक्या उघड्या टाकून २४ तास कुणी आत जाऊ नये, मग वरच्याच क्रमाने सफाई.

लक्षणं दिसायला १४ दिवसांपर्यंत लागू शकतात, म्हणून निघताना पाहुण्यांना सांगा, की दोन आठवड्यांत कुणी पॉझिटिव्ह आलं तर कळवा. तसा फोन आला, तर सफाईवाल्यांना आणि नंतर आलेल्या पाहुण्यांना सांगायचं, पण नाव न घेता. चावी पेटीत टाकून पाहुणे निघाले की पेटीचा कोड लगेच बदला.