गूढ शब्दकोड्यातला लपलेला विषय : या चुका टाळा

साधं गूढ शब्दकोडं, म्हणजे ज्यात प्रत्येक सूत्र शब्दांशी खेळून उत्तर लपवतं असं कोडं, सोडवता येतं, पण कोड्यात अनेक उत्तरांना जोडणारा एखादा विषय लपवलेला असला की गाडी अडते, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. अडचण बहुतेक वेळा विषयाच्या अज्ञानाची नसते. विषयाकडे कधी वळायचं आणि त्याच्यावर किती भरवसा टाकायचा, इथे चुकतं.

सूत्राची गोष्ट खरी मानणं

हे सूत्र पाहा : "पुरुषाच्या मनात गर्वाची सुरुवात झाली ते शहर (3)". कंसातला आकडा म्हणजे उत्तराची अक्षरं. वाचताक्षणी डोक्यात लंका येते, हस्तिनापूर येतं, आणि पुराणातली गावं आठवण्यात दहा मिनिटं जातात. सूत्रात सांगितलेली गोष्ट हा फक्त पडदा असतो. व्याख्या, म्हणजे उत्तराचा सरळ अर्थ सांगणारा भाग, सूत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी असते, मधे नसते. इथे ती शेवटी आहे : शहर. उरलेला भाग म्हणजे कृती, अक्षरं जुळवून उत्तर कसं बनवायचं ते सांगणारी. पुरुष म्हणजे नर, 'गर्वाची सुरुवात' म्हणजे ग. 'नर'च्या आत ग घातला की नगर.

हे सगळ्याच गूढ कोड्यांना लागू आहे. पण विषय लपलेला असतो तेव्हा सूत्राच्या गोष्टीत रमण्याची किंमत दुप्पट होते, कारण गोष्टीतूनच विषय शोधायचा मोह होतो. दोन सूत्रांत राजा-राणी आले म्हणून विषय राजघराण्याचा असेल, असं समजू नका. विषय जवळजवळ नेहमी उत्तरांमध्ये असतो.

कृती न जुळवता उत्तर भरणं

अक्षरं बसतात, व्याख्याही बसते, मग उत्तर लिहून पुढे जायचं, ही सवय साध्या कोड्यात खपून जाते. इथे ती घातक आहे, कारण विषयाचा अंदाज तुम्ही याच उत्तरांवरून बांधणार आहात. एक चुकीचं उत्तर शेजारच्या दोन-तीन शब्दांना वाकडं करतं आणि अंदाजही भरकटतो. ज्याची कृती पूर्ण उलगडली नाही ते उत्तर पेन्सिलीने, फिकट लिहा. विषयाचा विचार करताना फक्त पक्की उत्तरं धरा.

पहिल्या सुगाव्यावर झडप घालणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आहे.

समजा तुमची तीन उत्तरं पक्की झाली : वसंत, ललित, केदार. तिन्ही मुलग्यांची नावं! सापडला विषय, असं वाटतं. मग दुर्गा आणि पूर्वी येतात. तीही नावंच, म्हणजे अंदाज आणखी घट्ट होतो. आता तुम्ही प्रत्येक रिकाम्या जागी कुणाचं तरी नाव कोंबायला लागता. तेवढ्यात हे सूत्र सुटतं : "मृत्यूचा देव नाही म्हणतो तो अरबी देश (3)". यम अधिक न, म्हणजे यमन. हे नाव क्वचितच कुणी मुलाला ठेवतं.

इथे बरेच जण यमनला अपवाद ठरवून पुढे जातात. तसं करू नका. जे उत्तर अंदाजात बसत नाही ते सगळ्यात मोलाचं असतं. त्याला धरून उलटं विचारा : यमनसकट हे सगळे शब्द कुठे एकत्र येतात? वसंत, ललित, केदार, दुर्गा, पूर्वी, यमन. हे सगळे शास्त्रीय संगीतातले राग आहेत.

यात एक खूण कायम लक्षात ठेवण्यासारखी आहे. वसंतचं सूत्र ऋतूबद्दल बोलत असेल, ललितचं लेखनप्रकाराबद्दल, यमनचं तर देशाबद्दल आहेच. विषय न सांगता लपवलेला असतो तेव्हा सूत्र शब्दाचा एक अर्थ वापरतं आणि विषय दुसऱ्या अर्थाने जुळतो. म्हणून पक्क्या उत्तरांची यादी कागदावर काढा आणि प्रत्येकापुढे सूत्रात न वापरलेले अर्थ लिहा. विषय त्या दुसऱ्या रकान्यात सापडतो. पाच-सहा पक्के शब्द हाती येईपर्यंत थांबण्याचा धीर ठेवा.

विषय सापडल्यावर सूत्रं वाचणं सोडणं

आता रागांची यादी डोक्यात आहे, आणि चौकटीत 'सा' ने सुरू होणारा तीन अक्षरी शब्द उरलाय. सूत्र आहे : "घेतला वसा गरजूंसाठी, आत समुद्र (3)". हात सरळ 'सारंग' लिहून मोकळा होतो. मन समर्थनही शोधतं : सारंग म्हणजे गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या, म्हणजे समुद्राशी संबंध आलाच. पण व्याख्या आहे समुद्र, आणि 'आत' हा शब्द सांगतोय की उत्तर शेजारच्या शब्दांत दडलंय : वसा गरजूंसाठी. सागर.

चौकटीतलं प्रत्येक उत्तर विषयातलं नसतं, कोडेकाराला चौकट भरायला इतरही शब्द लागतात. विषय तुम्हाला उमेदवार सुचवेल, पण पसंतीचा शिक्का सूत्राकडूनच घ्यायचा.

प्रस्तावना वगळणं

कोड्यावर शीर्षक किंवा सूचना असेल तर ती सूत्राइतक्याच बारकाईने वाचा. 1930 साली सुरू झालेलं आणि 1991 पासून 'द टाइम्स' या ब्रिटिश दैनिकात येणारं 'लिसनर' कोडं या प्रकारात सगळ्यात कठीण मानलं जातं. त्यात काही सूत्रांच्या कृतीतून एक जादा अक्षर निघतं, कुठे व्याख्येत मुद्दाम छपाईची चूक असते, आणि ही अक्षरं क्रमाने लावली की संदेश तयार होतो. अशा कोड्यात जादा अक्षर मिळताच ते सूत्राच्या क्रमांकासमोर टिपून ठेवा. अर्धा संदेश हाती आला की गाळलेली अक्षरं ओळखता येतात, आणि मग न सुटलेल्या सूत्रात कोणतं अक्षर जादा आहे ते आधीच कळतं.

सूत्रांत इतर सूत्रांच्या क्रमांकांचा उल्लेख असेल तर ती सूत्रं मागे ठेवा. जानेवारी 2013 मध्ये 'अराऊकारिया' या टोपणनावाने 'द गार्डियन'साठी कोडी रचणाऱ्या जॉन ग्रॅहम यांनी आपल्याला अन्ननलिकेचा कर्करोग झाल्याचं वाचकांना कोड्यातूनच कळवलं. सूचनेत आजाराच्या जागी नुसते क्रमांक होते. ती उत्तरं सोडवल्याशिवाय वाक्य पुरं होत नव्हतं.

भरलेल्या चौकटीकडे न पाहणं

शेवटचं उत्तर भरलं आणि विषय सापडलाच नाही, असंही होतं. मग चौकटच वाचा. अशा लपवलेल्या मजकुराला कोडेप्रेमी 'नीना' म्हणतात. चित्रकार अल हर्शफेल्ड 1945 मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलीचं, नीनाचं, नाव चित्रांतल्या रेषांत दडवायचे, त्यावरून हे नाव पडलं. ते सहीशेजारी आकडा लिहून नाव किती ठिकाणी आहे ते सांगायचे. कोड्यात तशी सोय नसते, म्हणून जागा ठरवून शोधा : चारही कडा, दोन्ही कर्ण, आणि ज्यांना आडवा-उभा छेद जात नाही अशी घरं सलग.

सोप्या कोड्यात अचानक एखादा अनोळखी, ओढूनताणून आणलेला शब्द दिसला तर तिथून सुरुवात करा. कोडेकाराला त्या जागी विशिष्ट अक्षरच हवं होतं, म्हणून तो शब्द आला असण्याची शक्यता मोठी. मराठी कोड्यात आणखी एक गोष्ट तपासा : छेदाच्या घरात, म्हणजे आडवा आणि उभा शब्द जिथे एकमेकांना छेदतात तिथे, काना-मात्रा धरायची आहे की नाही. धरायची नसेल, तर लपलेला मजकूरही काना-मात्रा सोडून वाचावा लागेल, आणि 'सा'च्या जागी 'स', 'सि', 'सू' असं सगळं करून बघावं लागेल.