नोंदणीची लिंक ग्रुपवर टाकायच्या आधी: फोटो अपलोड आणि क्रॉपची तयारी

ढोलपथकाची वादक नोंदणी ऑनलाइन घ्यायची म्हटलं की नाव, पत्ता, रक्तगट हे कधीच नडत नाही, नडतो तो फोटो. गेल्या वर्षी नदीपात्रात सराव संपल्यावर आम्ही आयकार्डं वाटली, तेव्हा ताशा वाजवणाऱ्या एका मुलीने आपलं कार्ड मोबाइलच्या टॉर्चखाली धरून बघितलं तर त्यावर ती नव्हतीच, भिंतीवरच्या कॅलेंडरचा कोपरा आणि पंख्याचं एक पातं होतं. ती काही बोलली नाही, कार्ड खिशात घातलं आणि गेली. मला फार लागलं ते. म्हणून यंदा लिंक टाकायच्या आठवडाभर आधी बसून हे सगळं तपासायचंच, आणि तुमच्या पथकाचं किंवा मंडळाचं ॲप तुम्ही सांभाळत असाल तर तुम्हीही तपासा.

सगळ्यात आधी टेस्टचे फोटो गोळा करा, आणि ते व्हॉट्सॲपवर साधे फोटो म्हणून मागवू नका. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, आतली कॅमेऱ्याची माहिती काढून टाकतं, मग तुमच्याकडे सगळं छान चालतं आणि खऱ्या फोनवर बोंब होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर सरळ सरावाला जाऊन पाच-सहा जणांच्या हातातल्या फोनवरूनच फॉर्म भरून घ्या, त्यात एक आयफोन हवा, एक जुना अँड्रॉइड हवा, आणि नेट तिथलं मोबाइलचंच, घरचं वायफाय नको.

आता ते कॅलेंडर कुठून आलं ते सांगतो, कारण क्रॉपच्या, म्हणजे फोटोतला हवा तेवढाच भाग कापून घेण्याच्या, निम्म्या तक्रारी इथेच असतात. स्क्रीनवर फोटो दिसतो समजा ३७८ पिक्सेल रुंद, पण आयफोनचा १२ मेगापिक्सेलचा उभा मूळ फोटो असतो ३०२४ बाय ४०३२, म्हणजे बरोब्बर ८ पट. माणूस चौकट ओढतो स्क्रीनवरच्या छोट्या फोटोवर, आणि तेच आकडे तसेच सर्व्हरला गेले की सर्व्हर मोठ्या फोटोच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातला चिमुकला तुकडा कापतो. तिथे चेहरा कशाला असेल, तिथे भिंतच असते. आम्ही टेस्ट केली होती पासपोर्ट साइझच्या छोट्या फोटोवर, तो स्क्रीनवर मूळ मापातच दिसायचा, त्यामुळे कळलंच नाही. तेव्हा क्रॉपचे चारही आकडे (डावीकडून किती, वरून किती, रुंदी, उंची) मूळ रुंदी भागिले दिसणारी रुंदी याने गुणले जातायत का, ते ब्राउझरच्या कन्सोलमध्ये आकडे छापून बघा, डोळ्याने अंदाज नको. क्रॉपची चौकट पॉपअपमध्ये असेल तर पॉपअप पूर्ण उघडल्यावरच क्रॉपर (चौकट दाखवणारा कोड) सुरू करा, आधी केला तर त्याला जागा शून्य मिळते आणि रिकामा डबा दिसतो.

मग आडवे फोटो. फोन बरेचदा फोटो आडवाच साठवतो आणि सोबत 'मला फिरवून दाखवा' अशी एक्झिफची, म्हणजे फोटोसोबत साठवलेल्या माहितीतली, खूण ठेवतो. २०२० पासून क्रोम, फायरफॉक्स, सफारी ती खूण पाळतात, पण सर्व्हरवरची लायब्ररी आपणहून पाळेलच असं नाही, मग स्क्रीनवर सरळ आणि कार्डावर माणूस आडवा. पायथनच्या पिलो लायब्ररीमध्ये एक्झिफ ट्रान्सपोज आहे, नोडच्या शार्पमध्ये रोटेट आहे, ते क्रॉपच्या आधी लावा, नंतर लावलं तर आकडे पुन्हा चुकतात.

अपलोडच अडकत असेल तर बहुतेक वेळा मर्यादा नडते. एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर, सेटिंग बदललं नाही तर, १ एमबीच्या वरचं घेत नाही, ४१३ एरर देतं, सर्व्हरवरचा कोड पीएचपीत असेल तर त्याची एका फाइलची मर्यादा मुळात २ एमबी असते, आणि फोनचा फोटो सहज ३-४ एमबीचा. दोन्हीकडे वाढवा. फोटो बेस६४ करून, म्हणजे अक्षरांच्या मजकुरात बदलून, पाठवत असाल तर तो एक तृतीयांशाने फुगतो हेही धरा. आणि फाइल मोठी असेल तर तसं मराठीत लिहून दाखवा हो, नुसतं गोल फिरत राहिलं की पोरं दहा वेळा बटण दाबतात.

आयफोनचा एचईआयसी (त्याच्या स्वतःच्या फॉरमॅटमधला) फोटो क्रोममध्ये दिसत नाही, सर्व्हरवर जेपेग करून घ्या. पारदर्शक पीएनजी जेपेग करताना मागे आधी पांढरा रंग भरा, नाहीतर काळं येतं. तोच फोटो पुन्हा निवडला तर काहीच होत नाही अशी तक्रार आली तर फाइल इनपुट दर वेळी रिकामा करा. फोटो बदलूनही जुनाच दिसत असेल तर नवीन फाइलला नवीन नाव द्या, ब्राउझरने जुनी प्रत साठवून ठेवलेली असते, ते कॅशचं आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नका, घरात काढलेल्या फोटोत घराचं लोकेशन असू शकतं. एवढ्या मुलामुलींनी विश्वासाने दिलेले फोटो आहेत, साठवताना ती माहिती काढूनच टाका, आणि कार्डं छापून झाली की मूळ फोटो डिलीट करा.

शेवटी ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो ३०० डीपीआयला म्हणजे ४१३ बाय ५३१ पिक्सेल, त्या मापाची पाच-सहा कार्डं छापून आणा, आणि ज्यांची आहेत त्यांच्याच हातात देऊन विचारा, बरा आलाय का फोटो. त्यांनी हो म्हटलं की लिंक टाका.