खाडीकाठची वाट दुरुस्त करताना

कोकणात खाडीकाठच्या बहुतेक वाटा खारबंदिस्तीच्या (खारे पाणी शेतात येऊ न देणाऱ्या) बांधावरून, कांदळवनाच्या कडेने नाहीतर जांभ्याच्या पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने, जातात. शाळेची मुले, सायकली, गुरे, भाताच्या दिवसांत बैलगाडी, सगळी रहदारी त्याच एका पट्टीवर. निधी मिळाला की पहिली मागणी येते ती वर काँक्रीट ओतायची. ते सगळ्यांत शेवटचे काम. वाट मोडते पाण्यामुळे, तेव्हा आधी पाणी कुठून येते आणि कुठे जाते ते पाहा.

पाहणी दोनदा करा: जुलैच्या भर पावसात एकदा, आणि अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाच्या भरतीला एकदा. वेळ काढायला तिथीची पाऊणपट हा जुना हिशेब पुरतो. चतुर्थीला सुमारे ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता पूर्ण भरती. ही वेळ खाडीच्या मुखाची. आतल्या गावांना भरती उशिरा पोहोचते. पाणी जिथवर चढले तिथे खुंटी ठोकून रंगाची खूण करा. पुढची सगळी मापे याच खुणेवरून घ्यायची आहेत.

त्याच सुमारास कागद काढा. गाव नकाशावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेला असतो. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. वाट ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये (रस्त्यांच्या नोंदवहीत) नोंदलेली आहे का तेही बघा. वहिवाटीची वाट कोणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, मात्र अडथळा आल्यापासून ६ महिन्यांच्या आत. बांध सरकारी योजनेतला असेल तर खारभूमी विभागाची लेखी संमती घ्या. कांदळवनाच्या बाबतीत घाई नको. तिवराची (कांदळवनातल्या झाडाची) फांदीसुद्धा परवानगीशिवाय तोडायची नाही, आणि कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित असतो. जुनी वाट आहे त्याच रुंदीत दुरुस्त करणे आणि नवी वाट काढणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. अर्जात नेमके काय करणार ते स्पष्ट लिहा.

आता बांध. वाट बांधाच्या डोक्यावरून जात असली तरी आधी बांध, मग वाट. बहुतेक ठिकाणी नुकसान एकाच क्रमाने होते. चाकांमुळे मध्ये चाकोरी पडते, पावसाचे पाणी तिच्यातून वाहत सखल जागी येते, तिथून कड कापून उतरते आणि घळ तयार होते. पुढच्या उधाणाला खाडी त्याच खाचेतून आत शिरते आणि खांड पडते, म्हणजे बांध फुटतो. मागची शेती खारवते ती काही वर्षांसाठी. म्हणून दीड मीटर रुंदीच्या वाटेला मधोमध अडीच सेंटीमीटर उंचवटा ठेवा, म्हणजे पाणी दोन्ही अंगांना पसरून जाईल. दोन्ही कडांना किमान ३० सेंटीमीटर गवत तसेच राखा. ते खरवडून वाट रुंद केली तर कड ढासळते.

मुरूम घालण्याआधी खेकड्यांची बिळे शोधा. बीळ मोकळे खोदून त्यात ओलसर चिकणमाती थराथराने ठासा. वाळू किंवा खडी भरली तर पाणी तिच्यातून झिरपतच राहते. मग ७-८ सेंटीमीटरचा एक, असे मुरमाचे दोन थर, प्रत्येक थर गोडे पाणी शिंपडून धुमसाने (ठोकायच्या जड ठोकळ्याने) चोपा. खाडीचे पाणी वापरू नका. खारवलेली चिकणमाती पहिल्या पावसातच विरघळून वाहते. हे काम भातकापणीनंतर, डिसेंबर ते मार्चमध्ये करा. माती आतून ओली असताना मुरूम टाकला तर तो चिखलात रुततो आणि खर्च वाया जातो.

ट्रॅक्टर आणि मोटारी अडवायला वाटेच्या दोन्ही तोंडांना जांभ्याचे खांब १.२ मीटर अंतरावर उभे करा. सायकल, गुरे, चाकाची खुर्ची सहज जाते. दुचाकी यातून थांबत नाही, हे गृहीत धरूनच कडा मजबूत करा. बैलगाडीची वहिवाट असेल तर मधला खांब काढघालीचा ठेवा. खांबांचे खड्डे बांधात घेऊ नका, बांध संपल्यावर पक्क्या जमिनीत घ्या. बांधावर झाडेही नकोत. मेलेले मूळ कुजले की पाण्याला आयती नळी मिळते. उघाडीच्या (बांधातून पाणी बाहेर सोडायच्या दाराच्या) झडपेपाशी वाट थोडी बाजूने न्या, नाहीतर झडप उचलणाऱ्याला उभे राहायला जागा उरत नाही.

साकवाची (ओढ्यावरच्या छोट्या पुलाची) चालायची पट्टी भरतीच्या खुणेच्या वर किमान अर्धा मीटर हवी, कारण उधाण आणि पूर एकत्र आले की पाणी खुणेच्या वर जाते आणि वाहत येणारे ओंडके साकवावर आदळतात. फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या टाका. उभ्या टाकल्या तर सायकलचे चाक फटीत अडकते. फट १ सेंटीमीटरपर्यंत ठेवा. सायकलस्वाराचा तोल उंचावर असतो, म्हणून कठडा १.४ मीटर उंच घ्या. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या काँक्रीटला एम-४० दर्जा आणि सळईवर ७५ मिलिमीटर आवरण लागते. खाडीची वाळू त्यात आली की सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फुटते. बिल पास करण्याआधी वाळू कुठून आली ते जागेवर जाऊन पाहा.

पाखाडीच्या पायऱ्या १५ सेंटीमीटरपेक्षा उंच नकोत. कडेला १० सेंटीमीटर रुंदीची पन्हळ ठेवली की सायकल ढकलत वर नेता येते, पण ती गडग्यापासून (कडेच्या दगडी कुंपणापासून) निदान ३० सेंटीमीटर दूर हवी, नाहीतर पेडल आणि हँडल दगडाला घासते. गुळगुळीत सिमेंट पावसात शेवाळाने निसरडे होते, म्हणून ओले असतानाच खराट्याने आडव्या रेघा मारा. खाली विहीर असेल तर शेवाळावर ब्लीचिंग पावडर टाकू नका. ताठ ब्रशने घासा आणि ऊन पोहोचेल इतक्या फांद्या छाटा.

शेवटी फलक. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा फेरीबोटींपर्यंत जाणाऱ्या वाटांवर सायकलस्वार बाहेरचे असतात आणि त्यांना भरतीचा अंदाज नसतो. वाटेचा कुठलाही भाग उधाणात बुडत असेल तर दोन्ही तोंडांना तिथीनुसार भरतीची वेळ, बुडणाऱ्या जागेचे अंतर आणि पर्यायी रस्ता लिहा. लोखंडी पत्रा खाऱ्या वाऱ्यात लवकर गंजतो. चिऱ्याच्या भिंतीवर रंगवलेला फलक जास्त टिकतो आणि गावातल्या गावात पुन्हा रंगवता येतो.