बसून गोळाफेक: खुर्ची अशी बनवा, अशी बांधा

मुरलीकांत पेटकर म्हटलं की १९७२ चं हायडेलबर्ग पॅरालिम्पिक (दिव्यांग खेळाडूंचं ऑलिम्पिक) आणि ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्याचं सुवर्णपदक आठवतं. त्यांच्या आयुष्यावरचा २०२४ चा चित्रपट पाहिलेल्यांना तर नक्कीच. त्याच स्पर्धेत ते भालाफेकीतही उतरले होते, हे फार थोड्यांना माहीत असतं. व्हीलचेअरवरच्या मुलाला किंवा मुलीला गावात तरणतलाव मिळणं अवघड. फेकीसाठी मात्र मोकळं मैदान, एक चांगला वेल्डर आणि दोन मदतनीस पुरतात.

रोजच्या व्हीलचेअरवरून गोळा फेकू नका. ती मागे कलंडते, आणि कलंडली नाही तरी तिची हालणारी चौकट तुमचा अर्धा जोर गिळते. नवख्या खेळाडूची ताकद कमी पडण्याआधी खुर्ची कमी पडते, म्हणून पहिला खर्च खुर्चीवर करा.

नियम आधी पाठ करा. गादीसकट बैठकीची उंची ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. बैठक चौरस किंवा आयताकृती हवी, प्रत्येक बाजू किमान ३० सेंटिमीटर, आणि ती सपाट किंवा मागे उतरती हवी. पुढे कललेली चालत नाही. धरायचा खांब एकच, सरळ, गोल किंवा चौरस छेदाचा. स्प्रिंग किंवा लवचीक भाग कुठेही नको. स्पर्धेपूर्वी पंच टेप लावून मोजतात, त्यामुळे लोखंडाची उंची ६८ ठेवा आणि वर ५ सेंटिमीटरची कडक गादी घाला, म्हणजे हाताशी थोडी मोकळीक राहते.

वेल्डरला ४० बाय ४० मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप सांगा. पातळ पाइप स्वस्त पडतो, पण खांब ओढला की पिळतो. तळ बैठकीपेक्षा चारी बाजूंनी रुंद ठेवा आणि प्रत्येक कोपऱ्यात तिरकी पट्टी मारून घ्या. सगळी खुर्ची, खांब आणि पायटेकू धरून, फेकवर्तुळाच्या कडेच्या आत मावली पाहिजे. खांबाची जागा खुर्चीवर बसूनच ठरवा: उजव्या हाताने फेकणाऱ्यासाठी डावीकडे, थोडा पुढे, आणि हात लांब केल्यावर पकड खांदा ते डोळा या उंचीत येईल असा. आधी टाका मारून तात्पुरता जोडा, काही फेकी करून बघा, मगच पक्कं वेल्डिंग करा.

बांधणीत सर्वांत जास्त चुका होतात. चारही कोपऱ्यांतून रॅचेटचे पट्टे (दांडा मागेपुढे करून ताणता येणारे) साधारण ४५ अंशांत बाहेर काढून ताणा. मुरमाड जमिनीत ६० सेंटिमीटरच्या लोखंडी खुंट्या खुर्चीपासून उलट बाजूला तिरक्या ठोकल्या की पुरतं. काळ्या मातीत पावसाळ्यात त्या वर येतात. तिथे ४० सेंटिमीटर लांबी-रुंदी-खोलीचे काँक्रीटचे ठोकळे कडीसकट कायमचे पुरा. दर काही फेकींनंतर पट्टा दाबून बघा, तो सैल होतोच. मांड्या आणि कंबर न ताणणाऱ्या पट्ट्याने बांधा. फेकीच्या जोरात नितंब बैठकीवरून उचलले गेले की फाऊल, मग गोळा कितीही लांब पडो.

गोळ्याचं वजन वर्गीकरणानुसार, म्हणजे शरीराच्या हालचालीच्या क्षमतेवरून ठरणाऱ्या गटानुसार, बदलतं. एफ ५४ ते एफ ५७ मध्ये पुरुषांना ४ किलो, महिलांना ३. एफ ५३ मध्ये दोघांनाही ३. एफ ५२ मध्ये २. शाळेच्या मैदानात पडलेला ७.२६ किलोचा गोळा वापरून खांदा खराब करून घेऊ नका. वर्गीकरण अजून झालेलं नसेल तर हलक्यापासून सुरुवात करा.

गोळा तळहातावर नको, बोटांच्या मुळाशी ठेवा आणि मानेला टेकवा. छाती फेकत्या हाताकडे वळवा, दुसऱ्या हाताने खांब ओढत धड पुढे फिरवा, हात सगळ्यात शेवटी. कोपर खाली पडलं की चेंडूसारखी फेक होते: फाऊलही होतो आणि खांदाही दुखावतो. उभ्याने फेकणारे आळीपाळीने फेकतात. बसून फेकणाऱ्याच्या सगळ्या फेकी लागोपाठ होतात. म्हणून सरावही सहा-सहाच्या संचातच करा आणि संचांमध्ये पूर्ण विश्रांती घ्या.

मज्जारज्जूला इजा असेल तर आणखी काही गोष्टी सोडू नका. संवेदना नसलेल्या त्वचेवर जखम झालेली कळत नाही. मागचा खिसा, जाड शिवण, खिशातला मोबाईल, सगळं काढा. दर २०-३० मिनिटांनी पट्टे सोडून बैठकीवरचा भार काढा. घरी गेल्यावर आरशात त्वचा बघा. लाली बराच वेळ टिकली तर ती पूर्ण जाईपर्यंत खुर्चीवर बसायचं नाही. मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागातली इजा असेल तर इजेखाली घाम नीट येत नाही, म्हणून उन्हात अंगावर पाण्याचा फवारा मारत राहा. सरावापूर्वी लघवीची पिशवी रिकामी करा, नळी कुठे दुमडलेली नाही ना ते बघा. अशा खेळाडूचं डोकं अचानक ठणकू लागलं, चेहरा लाल झाला तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो: ताठ बसवून ठेवा, सगळे पट्टे सोडा, नळी तपासा, आणि लगेच आराम पडला नाही तर थेट दवाखाना गाठा.