बोटीच्या बॅटरीवर लॅपटॉप: तयारीची यादी, अन् आधी वायर

जानेवारीत गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात खोली मोजायचं काम होतं, पवनीच्या बाजूनं. बोटीला खाली सोनार (आवाजाच्या लहरीनं खोली मोजणारं यंत्र), वर जीपीएस, अन् दोन्हीचे आकडे लॅपटॉपात जातात, म्हणजे लॅपटॉप दिवसभर चालू पाहिजे. दोन दिवसाचं काम चार दिवसाचं झालं, वरच्या दोन दिवसाचं पेट्रोल अन् बोटीचं भाडं माझ्या खिशातून गेलं, अन् कारण काय तर कूलरच्या पंपाले आणलेली बारीक टू-कोअर (आत दोन तारांची) वायर. आता पुन्हा जायचं आहे म्हणून लिहून ठेवतो, कोणाला कामी पडलं तर बरंच.

आधी हिशेब. अडॅप्टरच्या पाठीवर आउटपुट लिहिलेलं राहते, माझ्यावर १९.५ व्होल्ट ३.३४ अँपिअर आहे, म्हणजे ६५ वॅट. पण लॅपटॉप पूर्ण भरलेला असला तर तो २५-३० वॅटच खाते, ६५ च्या जवळ तेव्हाच जाते जेव्हा आतली बॅटरी रिकामी आहे अन् भरून राहिली आहे. हे ध्यानात ठेवा, माझी वाट इथंच लागली. ३० वॅट म्हणजे बारा व्होल्टवर अडीच अँपिअर, तूट धरून तीन. आठ तासाचे २४ एएच (अँपिअर गुणिले तास), सोनार-जीपीएसचे चारेक, झाले २८. शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नसते म्हणून ६० एएच तर लागतेच, मी ८० ची नेतो.

इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी अन् लॅपटॉपची वेगळी, यावर चर्चा नको. सेल मारला की बॅटरी क्षणभर नऊ-दहा व्होल्टवर येते अन् तिकडं लॅपटॉपचा पुरवठा तुटते, अन् उलट लॅपटॉपनं ती उतरवली तर तुम्ही बुडीत झाडांच्या ठुठांमधात वल्हं मारत बसा. दोरीनं सुरू होणारं इंजिन असलं तर एवढी चिंता नाही. ट्रॅक्टरची बॅटरी उचलून आणू नका, ती एक झटका द्यायसाठी बनलेली असते, हळूहळू अर्धी रिकामी केलेली तिला मानवत नाही, चार-सहा वेळात बसते. घरच्या इन्व्हर्टरची १५० ची ट्यूब्युलर पन्नास-साठ किलोची, उचलायले दोन माणसं, अन् कलली की अॅसिड बोटीत. पैसे असतील तर लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, हलकी असते अन् शेवटपर्यंत तेराच्या आसपास टिकते. माझ्याकडं पैसे नव्हते. अन् इंजिनावरून चार्ज करायचा मोह नको, लहान इंजिनांच्या चार्जिंगले बरेचदा रेग्युलेटर (व्होल्ट आवरून धरणारा) नसते, रेस वाढवली की व्होल्ट पंधराच्या वर जातात.

इन्व्हर्टर की सरळ चार्जर? सरळ चार्जर. इन्व्हर्टर बाराचे २३० करते, मग अडॅप्टर २३० चे साडेएकोणीस करते, दोन्हीकडं तूट, वरून ओल्या बोटीत २३० व्होल्ट. लॅपटॉप टाइप-सी वर चार्ज होत असेल तर गाडीत लावायचा ६५ वॅटचा पीडी (लॅपटॉप मागेल तेवढे व्होल्ट देणारा) चार्जर घ्या, १२-२४ व्होल्टवर चालणारा. जुन्या गोल पिनेचा असेल तर त्याच पिनेचा गाडीचा अडॅप्टर मिळते, पण काही लॅपटॉपांत पिनेच्या मधात बारीक सुई असते, तिच्यावरून तो अडॅप्टर ओळखते, नाही ओळखला तर चालते पण भरत नाही. मोबाइलच्या चार्जरवर जमते का, हे विचारू नका. मागच्या वेळी माझ्याकडं इन्व्हर्टरच होता.

आता वायर.

बॅटरी मागे इंजिनजवळ, मी समोर ताडपत्रीच्या सावलीत, मधात सहा मीटर. घरी पाऊण एमएमची (म्हणजे तांब्याचा छेद पाऊण चौरस मिलिमीटर) दहा मीटर टू-कोअर पडून होती, तीच नेली, उरलेल्या चार मीटरचं भेंडोळं करून सीटखाली सारलं. बॅटरीकडं क्लिपा, माझ्याकडं इन्व्हर्टर. सकाळी शहाणपणा केला की लॅपटॉपची फुकटची बॅटरी आधी संपवू, मग बाहेरची लावू. साडेदहाले वीस टक्के उरले तेव्हा लावली. इन्व्हर्टर टीं टीं करून बंद. मागे जाऊन बॅटरीवर मीटर टेकवला, साडेबारा व्होल्ट, एकदम चांगली. पुन्हा सुरू, पुन्हा टीं टीं. डोंगा चालवणारे मामा मधल्या सीटवर बसले होते, त्यांचा अनवाणी पाय त्या भेंडोळ्यावर. म्हणाले, "भाऊ, हा वायर तपून राह्यला जी." मी म्हटलं मामा, उन्हानं तापला असेल. जानेवारीत, सीटखाली, सावलीत! मामा काहीच बोलले नाहीत, पाय मात्र काढून घेतला. मंग मी काठावर जाऊन गावातून ट्रॅक्टरची बॅटरी आणवली, तीन तास गेले, अन् पुन्हा टीं टीं.

झालं काय होतं ते घरी कळलं. पाऊण एमएमच्या तांब्याच्या वायरले मीटरमागे साधारण २५ मिलिओहमचा रोध असते. दहा मीटर जायचे अन् दहा यायचे, लोक यायचे मोजतच नाहीत, वीस मीटरचा झाला अर्धा ओहम. पाच अँपिअर ओढले की अडीच व्होल्ट वायरच खाऊन घेते. साडेबारातून अडीच गेले, राहिले दहा, अन् इन्व्हर्टर साडेदहाच्या खाली आला की बंद. त्यात व्होल्ट कमी झाले की तेवढेच वॅट काढायले तो अँपिअर वाढवते, म्हणजे आणखी पडते. बंद झाला की ओढणंच थांबते, मीटर पुन्हा साडेबारा दाखवते, अन् तुम्ही बॅटरीवाल्याले शिव्या देत बसता. सकाळी आठलाच लावली असती, लॅपटॉप भरलेला असताना, तर दोन-अडीच अँपिअरमधी कदाचित दिवस निघूनही गेला असता. म्हणून दोन गोष्टी: पहिल्या मिनिटापासून लावून ठेवा, अन् वायर जाड घ्या.

किती जाड? सहा मीटरले अडीच एमएम घेतली तर सहा अँपिअरवर अर्धा व्होल्ट पडते, चार एमएमले तिसरा हिस्सा व्होल्ट. चारची घ्या. सहा मीटर पाहिजे तर सहाच मीटर कापा, पुढं कामी येईल म्हणून दहा ठेवू नका. विकत घ्यायचीही गरज नाही बहुतेकांले, बोरमधी सोडायच्या सबमर्सिबलच्या मोटरीची चपटी तीन तारेची केबल प्रत्येक शेतकऱ्याच्या कोठ्यात तुकडा-तुकडा पडलेली असते, ती पाण्यासाठीच बनलेली आहे. दोन तारा वापरा, तिसरी टेप मारून सोडून द्या. दुकानातून घेत असाल तर पातं घेऊन एक तार खरडा, आत पांढरी निघाली तर वर फक्त तांब्याचा मुलामा आहे, आत अॅल्युमिनियम, मग जाडी दीडपटीच्या वरच धरा किंवा परत करा. कोणी म्हणेल इन्व्हर्टर बॅटरीजवळ ठेव अन् २३० ची बारीक वायर समोर आण, हिशेबानं बरोबर आहे, अँपिअर कमी लागतात. पण बोटीच्या तळात चार बोटं पाणी अन् त्यात २३० ची वायर लोळून राहिली, हे मले पाहवणार नाही.

फ्यूज. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात, १५ अँपिअरचा, गाडीत असते तो पात्याचा. लॅपटॉपच्या टोकाले लावला तर लावला न लावला सारखाच, कारण मधली सहा मीटर कुठं पत्र्यावर घासून सोलली तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडते अन् शेजारी पेट्रोलची टाकी आहे. चार जास्तीचे खिशात. क्लिपा फेका, थिंबल (वायरच्या टोकाले दाबून बसवायची भोकाची पट्टी) मारून नटानं आवळा, इंजिनाच्या थरथरीनं क्लिप सरकतेच. बॅटरी झाकणाच्या डब्यात, वर भोकं ठेवून, बांधून. प्लस-मायनस मीटरनं पाहा, लाल म्हणजे प्लस हे जोडणाऱ्याच्या मनावर असते.

मंग तालीम, अंगणात. खरी बॅटरी, खरी वायर पूर्ण लांबीची, अन् लॅपटॉप मुद्दाम वीस टक्क्यावर आणलेला, कारण भरलेल्यावर सगळंच चालते. लावा, गेम नाहीतर व्हिडिओ काहीतरी जड चालू करा, अन् मीटर वायरच्या लॅपटॉपकडच्या टोकाले, चार्जरच्या आधी, टेकवा, चालू असताना. बॅटरीच्या टोकाले नाही, चालू असताना लॅपटॉपच्या टोकाले. बॅटरीवर साडेबारा अन् तिकडं बारा असलं तर ठीक. अकरा असलं तर वायर बारीक आहे. बॅटरी बदलू नका, चार्जर बदलू नका, वायर बदला. दहा मिनिटांनी वायरवरून हात फिरवा. कोमट लागली तरी वायर बदला.

आदल्या दिवशी दुपारातूनच बॅटरी चार्जिंगले लावा, रात्रभर लाइन राहील या भरवशावर राहू नका. सकाळी काढून तासाभरानं १२.६ च्या वर पाहिजे.

पाण्यावर: लॅपटॉप सावलीत, खाली लाकडाची फळी, झाकायले प्लास्टिक. दर तासाले मीटर, १२.१ आले की गाशा गुंडाळा. डेटा पेनड्राइव्हवर. पाणी, जॅकेट, टोपी वगैरे माहीतच आहे.

परत आलं की बॅटरी त्याच रात्री भरा, उतरलेली ठेवली की खराब होते. अन् ती चार एमएमची केबल बॅटरीच्या डब्यातच ठेवून कुलूप लावा. माझी घरी आली तर आमच्या बाबांनी मार्चमधी कूलरले लावून टाकली, आता पुन्हा कोठ्यात तुकडा शोधून राहिलो आहे.