घर भाड्याने देताय? ‘काही प्रॉब्लेम नाही’ हे उत्तर आधी बंद करा

भाडेकरू घर बघायला येतो, एखादी शंका काढतो आणि घरमालक लगेच म्हणतो, “काही प्रॉब्लेम नाही, निर्धास्त राहा.” समोरचा मान डोलावतो आणि मनातल्या यादीत या घरावर काट मारतो.

ओल रंगाखाली झाकणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. भाडेकरू भिंतीवर हात फिरवत विचारतो, “इथे ओल येते का?” मालकाने आदल्याच आठवड्यात पुट्टी भरून रंगाचे दोन हात मारलेले असतात. “छे, कोरडीठाक आहे!” वास मात्र त्या एकाच भिंतीला नव्या रंगाचा येतो. चाणाक्ष माणसाला तेवढं पुरतं. ज्याच्या लक्षात येत नाही तो सामानासकट राहायला येतो. दोनेक महिन्यांत रंगाला फोड येतात, पोपडे सुटतात, फरशीवर पांढरी पूड दिसते, कपाट सरकवलं तर मागे बुरशी. मग फोटो, मग वादावादी, मग “डिपॉझिट द्या, आम्ही निघतो.” रंगाचे पैसे गेले, घर रिकामं झालं आणि ओल होती तिथेच आहे.

पाणी भिंतीतले क्षार विरघळवत पृष्ठभागाकडे येतं, वाळतं आणि क्षार मागे ठेवतं. ते साचले की रंग आतून उचलला जातो. वरून कितीही भारी रंग लावा, हे थांबत नाही.

म्हणून उत्तर देण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा. स्वयंपाकघरातली फॉइल फूटभर लांब-रुंद कापा, डागावर लावून चारही कडा टेपने बंद करा, दोन दिवसांनी बघा. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतली वाफ थंड भिंतीवर जमतेय. खिडकी, एक्झॉस्ट यांकडे बघा. फॉइलच्या मागे असतील तर पाणी भिंतीतच आहे. डाग छतालगत असेल तर वरचं बाथरूम किंवा गच्ची, खिडकीभोवती असेल तर बाहेरचं पावसाचं पाणी, तळाशी पट्टा असेल तर जमिनीतली ओल, असा अंदाज धरून चाला. पाइपचा संशय असेल तर सगळे नळ बंद करा, पाण्याच्या मीटरचं रीडिंग लिहा, तासाभराने पुन्हा बघा. आकडा सरकला म्हणजे गळती आहे.

मग सांगा: “वरच्या बाथरूमचे सांधे गळत होते, ते अमुक तारखेला भरले. भिंत वाळतेय, रंग महिन्याभराने लावू.” डाग असलेली भिंत आणि खरं कारण, यावर लोक घर घेतात. घाई असणाऱ्यांसाठी: सिमेंटचा नवा गिलावा साधारण चार आठवडे वाळू द्यायचा असतो. पंखा लावून तो चार दिवसांवर येत नाही.

“डिपॉझिटचं बघू नंतर”

करारात “लवकरात लवकर परत करू” असं लिहिलं असेल तर ते खोडा आणि दिवसांचा आकडा घाला. चावी देताना प्रत्येक खोलीतले ओरखडे, तडे, डाग यांचे फोटो काढा. किती चाव्या दिल्या आणि मीटरचं रीडिंग काय होतं ते कागदावर घ्या, दोघांच्या सह्या करा. रंग फिका पडणं, नळाचा वायसर जाणं ही झीज. बेसिन फुटणं हे नुकसान. अशी चार-पाच उदाहरणं करारातच लिहिली की पुढचं भांडण वाचतं.

“एसी आणि गिझर एकदम चालतील ना?”

न बघता “हो” म्हणू नका. 230 व्होल्टवर 16 अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) साधारण 3,680 वॉट झेपवतो. 2,000 वॉटचा गिझर आणि 1,500 वॉटचा एसी एकाच लाइनवर असतील तर आधीच काठावर आहात. त्यात इस्त्री लावली की एमसीबी पडणार. काही जण मोठा एमसीबी टाकून मोकळे होतात. हा शुद्ध मूर्खपणा आहे, कारण वायर तीच राहते आणि मग तीच तापते. इलेक्ट्रिशियनकडून वेगळी लाइन ओढून घ्या.

बाकीच्या चुका, थोडक्यात

पाण्याचं प्रेशर सांगू नका, दाखवा. दहा लिटरची बादली मिनिटात भरली तर शॉवरला पुरतं. दोन मिनिटं लागली तर आधी नळाच्या तोंडची जाळी काढून व्हिनेगरमध्ये भिजवा, बहुतेकदा क्षारच अडकलेले असतात.

आवाजाबद्दल विचारलं तर रस्ता गजबजलेला असताना पुन्हा बोलवा, खिडक्या त्यांनाच उघडू द्या.

शंका नळाची असेल तर नळ दुरुस्त करा. तिथल्या तिथे भाडं कमी केलंत तर समोरचा आणखी दोन शंका काढेल.

झुरळांवर एकदा औषध मारून “आता नाहीत” म्हणू नका. अंड्यांच्या कोषातून पुन्हा निघतात, दुसरा हात लागतोच.

आणि फोनवर “हो, करून देतो” म्हणालात ते त्याच दिवशी मेसेजमध्ये लिहून पाठवा: काय, कोणाच्या खर्चाने, कोणत्या तारखेपर्यंत.