बिम लायब्ररी बनवताना या चुका टाळा (रेविटवाल्यांसाठी)

रेविट म्हणजे इमारतीचं माहितीसकट थ्रीडी मॉडेल (बिम) बनवायचं सॉफ्टवेअर, आणि लायब्ररी म्हणजे त्यात वापरायच्या तयार घटकांचा साठा. रात्री साडेआठला सबमिशनआधी डोअर शेड्यूल (मॉडेलमधून निघणारा दरवाज्यांचा तक्ता) काढलं आणि निम्म्या दरवाज्यांपुढे 'अकॉस्टिक रेटिंग' (दरवाजा आवाज किती अडवतो ते) कोरं! फॅमिली (दरवाज्याचा तयार घटक) उघडून बघितली तर आत ३५ डीबी व्यवस्थित भरलेलं. अर्धा तास डोकं खाजवलं, मग शेड्यूलच्या फील्ड्सची यादी नीट बघितली तेव्हा कळलं की 'अकॉस्टिक रेटिंग' तिथे दोनदा आहे.

झालं काय, तर आमच्यातल्या दोघांनी आपापल्या मशीनवर एकाच नावाचा शेअर्ड पॅरामीटर (अनेक फॅमिली आणि प्रोजेक्टमध्ये वापरता येणारं माहितीचं फील्ड) बनवला होता. रेविट नावाला विचारत नाही, ते आतला जीयूआयडी (प्रत्येक पॅरामीटरचा वेगळा ओळख क्रमांक) बघतं, आणि डिलीट करून त्याच नावाने परत बनवलात तरी जीयूआयडी नवाच मिळतो. साधा फॅमिली पॅरामीटर (फक्त त्याच फॅमिलीपुरता) टाकला असेल तर तो शेड्यूलमध्ये दिसणारच नाही, ते वेगळंच दुखणं.

उपाय कंटाळवाणा आहे पण होतो. प्रत्येक फॅमिली उघडायची, फॅमिली टाइप्समध्ये तो पॅरामीटर एडिट करून मास्टर फाइलमधला (म्हणजे सगळ्यांसाठी ठरवलेल्या एकाच शेअर्ड पॅरामीटर फाइलमधला) निवडायचा आणि प्रोजेक्टमध्ये रीलोड करायचं. फक्त कोणी प्रोजेक्टमध्येच हाताने व्हॅल्यू भरल्या असतील तर आधी ते शेड्यूल टेक्स्ट फाइलमध्ये एक्सपोर्ट करून ठेवा, नाहीतर त्या गेल्याच म्हणून समजा. पुढे असं होऊ नये म्हणून शेअर्ड पॅरामीटरची फाइल ऑफिसात एकच, सर्व्हरवर, सगळ्यांना रीड-ओन्ली, आणि बदल करायचा हक्क एकाच माणसाकडे. ती नोटपॅडमध्ये उघडून 'जरा दुरुस्त' करणारे महाभाग असतात, त्यांना लांब ठेवा.

बरेच जण म्हणतात आम्ही आयएसओ १९६५० पाळतो, पण ते आहे माहितीच्या मॅनेजमेंटबद्दल, दरवाज्याची फॅमिली कशी बनवायची हे त्यात शोधू नका. प्रॉपर्टीची (वस्तूच्या गुणधर्माची) व्याख्या कशी करायची, ती कोणी सांभाळायची यासाठी २०२० चं आयएसओ २३३८६ बघा, गंमत म्हणजे तिथेही प्रत्येक प्रॉपर्टीला स्वतःची युनिक ओळख लागतेच.

दुसरी चूक टेम्प्लेटची, म्हणजे फॅमिली ज्या साच्यावर सुरू करता त्याची. एमईपीवाले (वीज, प्लंबिंग, एसीची कामं करणारे) वॉल-होस्टेड, म्हणजे भिंतीवरच बसणाऱ्या टेम्प्लेटवर स्विचबोर्ड बनवतात, आणि भिंती असतात आर्किटेक्टच्या लिंक केलेल्या मॉडेलमध्ये, मग तो बसतच नाही. फेस-बेस्ड (कुठल्याही पृष्ठभागावर बसणारं) घ्या, कारण होस्टचा प्रकार नंतर सरळ बदलता येत नाही, फॅमिली नव्यानेच करावी लागते.

कॅटेगरी (वस्तूचा प्रकार) आठवत नाही म्हणून 'जेनेरिक मॉडेल' ही सरसकट कॅटेगरी ठोकून देऊ नका. आयएफसी (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल देण्याघेण्याची फाइल) काढलं की अशी वस्तू बहुतेक वेळा प्रॉक्सी, म्हणजे प्रकार न ठरलेली वस्तू म्हणून जाते आणि क्लायंटला तुमचा पंप पंप म्हणून सापडतच नाही.

कंपनीच्या साइटवरून घेतलेला नळ आटे-स्क्रूसकट तसाच टाकायचा मोहही आवरा, १:१०० च्या प्लॅनमध्ये ते आटे कोण बघणार आहे? असे दोनशे नळ एका टॉवरमध्ये बसवून व्ह्यू फिरवून बघा, चहा होऊन येईल तोवर.

आणि व्हर्जन. २०२४ मध्ये सेव्ह केलेली फॅमिली २०२२ मध्ये उघडत नाही, आणि मागच्या व्हर्जनला सेव्ह करायची सोयच नाही. त्यामुळे ऑफिसात जे सगळ्यात जुनं व्हर्जन चालू असेल त्यात मूळ लायब्ररी ठेवा, आणि अपग्रेड करायचं तर कॉपी करून, मूळ फोल्डरला हात न लावता.